पूर्वनिर्मित काँक्रीट इमारतींचे भूकंपीय मजबुतीकरण

पूर्वनिर्मित काँक्रीट इमारतींचे भूकंपीय मजबुतीकरण म्हणजे कारखान्यात किंवा कार्यस्थळी आधी ओतून नंतर जोडलेल्या काँक्रीटच्या घटकांनी उभारलेल्या अस्तित्वातील इमारतींची भूकंप सहन करण्याची क्षमता वाढविण्याचे अभियांत्रिकी काम होय. अशा घटकांना व्यवहारात प्रीकास्ट, तर मजबुतीकरणाला रेट्रोफिटिंग असे म्हणतात. दुरुस्ती आणि मजबुतीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुरुस्तीमुळे इमारत फार तर पूर्वीच्या स्थितीत येते. मजबुतीकरणामुळे तिला मुळात नसलेली ताकद, तन्यता किंवा एकसंधता मिळते.

जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यात तुळई, स्तंभ व स्लॅब यांच्या सळया एकमेकांत गुंतलेल्या असतात. पूर्वनिर्मित बांधकामात हे घटक सुटे असतात आणि त्यांना एकत्र ठेवण्याचे काम सांधे करतात. त्यामुळे या इमारतींचे भूकंपातील वर्तन बहुतांशी सांध्यांवर ठरते, आणि मजबुतीकरणाचा पहिला रोखही सांध्यांवरच असतो. प्रस्तुत लेखात या विषयाची सर्वसाधारण माहिती असून महाराष्ट्रातील अनुभव आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांची स्थिती यांचा विशेष विचार केला आहे.

बांधकामाचे प्रकार

पूर्वनिर्मित काँक्रीट इमारतींचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

* मोठ्या पॅनेलच्या इमारती : भिंती व स्लॅब खोलीच्या आकाराच्या पॅनेलांचे असतात. भार भिंतीच वाहतात.
* सांगाडा पद्धतीच्या इमारती : स्तंभ व तुळया सुट्या ओतून जागेवर जोडतात.
* एकमजली मोठ्या गाळ्याच्या शेड : कारखाने, गोदामे व बाजार आवारे यांत आढळतात. स्तंभ पायात घट्ट रोवलेले असतात, तर छताच्या तुळया स्तंभांच्या माथ्यावर टेकवलेल्या असतात.
* मिश्र बांधकाम : वीट किंवा दगडाच्या भिंतींवर पूर्वनिर्मित फळ्या, कड्या किंवा पोकळ पट्ट्यांचे छत टाकलेले असते. लहान शाळा, पंचायत कार्यालये व घरे यांत हा प्रकार दिसतो.

पुण्यातील मुंढवा येथील बी. जी. शिर्के कंपनीने वापरलेली ‘थ्री-एस’ पद्धत ही महाराष्ट्रातील सांगाडा पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. तीत पूर्वनिर्मित पोकळ स्तंभ, पूर्वनिर्मित तुळया आणि हलक्या वायुयुक्त काँक्रीटचे स्लॅब वापरतात. स्तंभांची पोकळी व सांधे सळया घालून जागेवरच्या काँक्रीटने भरतात, त्यामुळे पूर्ण झालेला सांगाडा एकसंध सांगाड्याच्या जवळ जातो. जागेवर ओतून केलेल्या अशा सांध्यांना ‘ओले सांधे’, तर बोल्ट किंवा वेल्डिंगने केलेल्या सांध्यांना ‘कोरडे सांधे’ म्हणतात.

भूकंपात होणारी हानी

भूकंपात जमीन हलते आणि इमारतीचे वस्तुमान त्या हालचालीला विरोध करते. यातून निर्माण होणारे आडवे बल छत व मजल्यांतून भिंती किंवा स्तंभांकडे आणि तेथून पायाकडे जावे लागते. या मार्गात एक दुवा जरी कमकुवत असला, तरी बाकीच्या घटकांची ताकद उपयोगी पडत नाही. पूर्वनिर्मित इमारतींत पुढील दोष वारंवार आढळतात.

पहिला दोष अपुऱ्या टेकूचा. तुळई स्तंभाच्या माथ्यावर केवळ स्वतःच्या वजनाने व घर्षणाने टिकून असेल, तर स्तंभ विरुद्ध दिशांना झुकताच ती टेकूवरून निसटते. उभ्या कंपनांमुळे तुळईचे टेकूवरील वजन क्षणभर घटते आणि तेवढ्या वेळात घर्षणही कमी होते. तुळईखाली रबराची पट्टी असल्यास घर्षण मुळातच कमी असते.

दुसरा दोष छताच्या एकसंधतेचा. शेजारशेजारच्या फळ्या किंवा पट्ट्या एकमेकींना बांधलेल्या नसतील, तर छत एका सलग ताटासारखे काम करू शकत नाही. आडवे बल भिंतींपर्यंत पोहोचण्याऐवजी प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे सरकते.

तिसरा दोष ठिसूळ सांध्यांचा. वेल्डिंग किंवा लहान अँकरवर अवलंबून असलेले सांधे ताणले जाण्याऐवजी अचानक तुटतात. ग्राउट अर्धवट भरलेले असणे किंवा सळया गंजलेल्या असणे यांमुळे हा धोका वाढतो. याखेरीज बाह्य पॅनेले सुटून पडणे, जिने टेकूवरून घसरणे आणि स्तंभांच्या तळाशी कड्यांची संख्या कमी असल्याने काँक्रीट फुटणे हे प्रकारही घडतात.

प्रमुख भूकंपांतील अनुभव

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियातील स्पिताक भूकंपात लेनिनाकान (आजचे ग्युम्री) शहरातील नऊमजली पूर्वनिर्मित सांगाड्याच्या अनेक इमारती कोसळल्या. त्याच शहरातील मोठ्या पॅनेलच्या इमारती मात्र बऱ्याच प्रमाणात उभ्या राहिल्या. पूर्वनिर्मिती हाच दोष नसून रचना व सांधे निर्णायक असतात, हे या घटनेवरून स्पष्ट झाले.

मे २०१२ मध्ये इटलीच्या एमिलिया भागात २० व २९ तारखांना झालेल्या भूकंपांत अनेक पूर्वनिर्मित औद्योगिक शेड कोसळल्या. तेथील तुळया पुष्कळ ठिकाणी केवळ घर्षणावर टेकलेल्या होत्या. कारखाने पुन्हा सुरू करण्यापूर्वी तीन दोष दूर करण्याची अट इटलीच्या सरकारने घातली : उभ्या व आडव्या घटकांतील जोडणीचा अभाव, नीट न बांधलेली बाह्य पॅनेले, आणि जड माल ठेवलेल्या आधारहीन मांडण्या. ही त्रिसूत्री पुढे शेडच्या तातडीच्या मजबुतीकरणासाठी नमुनेदार मानली गेली.

भारतात २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूज भूकंपाचा अनुभव या विषयाशी थेट निगडित आहे. त्याआधी गुजरातमध्ये प्राथमिक शाळांच्या खोल्या जलद बांधण्यासाठी पूर्वनिर्मित घटक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते. कच्छमधील अशा अनेक खोल्या कोसळल्या किंवा त्यांची मोठी हानी झाली. छताची पॅनेले एकमेकांना व तुळयांना पुरेशी बांधलेली नसणे हे त्याचे प्रमुख कारण होते. प्रजासत्ताक दिनामुळे त्या सकाळी नेहमीचे वर्ग भरलेले नव्हते.

महाराष्ट्रातील मजबुतीकरणाची परंपरा

कोयना

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. कोयना धरणाच्या काही खंडांवर, मागील बाजूचा उतार जेथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. भेगांत इपॉक्सी भरून व पूर्वताणित केबल बसवून तात्पुरता बंदोबस्त करण्यात आला. त्यानंतर धरणाच्या मागील बाजूस काँक्रीटचे आधार बांधून ते कायमचे मजबूत करण्यात आले. वापरात असलेल्या काँक्रीटच्या मोठ्या बांधकामाचे भूकंपासाठी मजबुतीकरण करण्याचे हे राज्यातील आरंभीचे ठळक उदाहरण आहे.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद कोसळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत घरे न पाडता त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. छतावरील मातीचा थर कमी करणे, दगडी भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे काँक्रीटचे बांध घालणे, कोपरे बांधणे आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर जाळी व सिमेंटचा भूकंपपट्टा फिरविणे या पद्धती त्यात वापरल्या गेल्या. गावोगावी नेमलेल्या संवाद सहायक महिलांनी कुटुंबे व अभियंते यांच्यातील दुवा म्हणून काम केले.

किल्लारीतील घरे पूर्वनिर्मित काँक्रीटची नव्हती. तरीही वजन कमी करणे, सुटे भाग बांधणे आणि संपूर्ण इमारतीला एक पट्टा घालणे ही तत्त्वे पूर्वनिर्मित इमारतींनाही लागू पडतात. किल्लारी परिसर त्या वेळी देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होता. २००२ च्या सुधारणेत क्षेत्र १ रद्द करण्यात आले.

जुन्नर व आंबेगाव

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील पठारापर्यंत पसरले आहेत. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ या मानकानुसार पुणे परिसर भूकंप क्षेत्र ३ मध्ये मोडतो. या क्षेत्राचा गुणक ०.१६ आहे. कोयना परिसर क्षेत्र ४ मध्ये असून त्याचा गुणक ०.२४ आहे.

कोयनानगर जुन्नरपासून सरळ रेषेत सुमारे २०० किमी दक्षिणेस आहे. वायव्येस सुमारे ६० किमीवर असलेल्या ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये भूकंपांची मालिका झाली होती. पालघर जिल्ह्यातील डहाणू परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका नोंदविली गेली. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश पूर्वी भूकंपदृष्ट्या स्थिर मानला जात असे. कोयना व किल्लारी येथील भूकंपांनंतर ही समजूत मागे पडली.

दोन्ही तालुक्यांत जमिनीचा प्रकार थोड्या अंतरावर बदलतो. पश्चिमेकडील डोंगराळ भागात खडक उथळ आहे, तर पूर्वेकडे नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती आढळते. मऊ जमिनीत भूकंपाची कंपने वाढू शकतात. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाच्या असमान हालचालीने सांधे भूकंपाआधीच सैल झालेले असू शकतात. भीमाशंकर व माळशेज बाजूच्या अतिवृष्टीत उघड्या पोलादी जोडपट्ट्या व सळया गंजण्याची शक्यता अधिक असते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगरकडा कोसळून सुमारे १५० माणसे मृत्युमुखी पडली. ही दुर्घटना भूकंपाची नव्हती. परंतु भूकंपातही अस्थिर उतार घसरू शकतात, आणि इमारत कितीही मजबूत केली तरी घसरत्या उतारापासून तिचे रक्षण होत नाही. म्हणून डोंगरउतारावरील किंवा भरावावरील इमारतीच्या मजबुतीकरणावर खर्च करण्यापूर्वी जागेचे परीक्षण आवश्यक ठरते.

या तालुक्यांत माती-दगडाचे जुने वाडे, विटांची घरे आणि मंचर, नारायणगाव, जुन्नर यांसारख्या गावांतील काँक्रीट सांगाड्याच्या इमारती शेजारीशेजारी आढळतात. यांपैकी कोणत्याही इमारतीचे छत पूर्वनिर्मित फळ्यांचे असू शकते, आणि गिलावा झाल्यावर ते बाहेरून ओळखता येत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास दिसणारी खांब व प्लेटांची पूर्वनिर्मित कुंपणभिंतही याच वर्गातील आहे. तिच्या प्लेटा खाचांत केवळ सरकवलेल्या असल्याने शाळांच्या आवारात तिच्याकडे विशेष लक्ष देणे इष्ट ठरते.

मूल्यमापन

अस्तित्वातील काँक्रीट इमारतींच्या मूल्यमापनासाठी व मजबुतीकरणासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५९८८ : २०१३ हे मार्गदर्शक आहे. वीट-दगडाच्या इमारतींसाठी आयएस १३९३५ : २००९ वापरतात. मोठ्या पॅनेलच्या बांधकामासाठी आयएस ११४४७ आणि पूर्वनिर्मित काँक्रीटच्या रचनेसाठी आयएस १५९१६ ही मानके उपलब्ध आहेत.

मूल्यमापन दोन टप्प्यांत होते. प्राथमिक टप्प्यात मूळ नकाशे, इमारतीचा आकार, भार वाहण्याचा मार्ग आणि दृश्य हानी तपासतात. सविस्तर टप्प्यात चाचण्या व गणन केले जाते. काँक्रीटसाठी रिबाउंड हॅमर, पराध्वनी चाचणी व कापून काढलेले नमुने, तर सळयांसाठी शोधक यंत्र व गंजमापन वापरतात. पूर्वनिर्मित इमारतीत याशिवाय काही सांधे प्रत्यक्ष उघडून पाहणे अपरिहार्य असते. टेकूची लांबी, ग्राउटचा भराव, वेल्डिंगची स्थिती आणि नकाशात दाखविलेल्या सळया खरोखर आहेत की नाहीत, हे बाहेरून कळत नाही.

आयएस १५९८८ नुसार अस्तित्वातील इमारत तपासताना नव्या इमारतीसाठीचे आडवे बल ०.६७ या गुणकाने कमी करता येते. इमारतीचे उरलेले उपयुक्त आयुष्यही गणनात धरतात. माहिती अपुरी असल्यास घटकांची ताकद ज्ञानगुणकाने कमी धरली जाते.

उदाहरणार्थ, क्षेत्र ३ मधील एका लहान शाळेच्या छताचे वजन १०० किलोन्यूटन आहे असे मानू. शाळेसाठी महत्त्वगुणक १.५, लहान कंपनकाळासाठी त्वरण गुणांक २.५ आणि सामान्य सांगाड्यासाठी प्रतिसाद गुणक ३ धरल्यास आडवे बल छताच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे १० किलोन्यूटन येते. हा आकडा इमारत तन्यतेने वाकू शकते या गृहीतकावर आधारलेला आहे. सांधा ठिसूळ असल्यास ही सवलत मिळत नाही. प्रतिसाद गुणक १ धरल्यास तेच बल ३० किलोन्यूटन होते, आणि ०.६७ ची सूट देऊनही ते सुमारे २० किलोन्यूटन राहते. सांध्यांची तपासणी वाढीव बलासाठी का करावी लागते, हे यावरून दिसते.

मजबुतीकरणाच्या पद्धती

सांधे बांधणे

सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक लाभ बहुधा येथेच मिळतो. तुळई व स्तंभ यांच्या दोन्ही बाजूंस पोलादी कंस बसवून ते आरपार बोल्टने आवळतात. टेकू अरुंद असल्यास स्तंभाला जास्तीचा कंस जोडून तो रुंद करतात. तुळई निसटू नये म्हणून पोलादी केबलही बांधता येते. अँकरसाठी छिद्र पाडताना मुख्य किंवा पूर्वताणित सळई कापली जाणार नाही, याची आधी खात्री करावी लागते.

छत व मजले एकसंध करणे

पूर्वनिर्मित पट्ट्यांवर जाळी घालून साधारणतः ५० ते ७५ मिमी जाडीचा काँक्रीटचा थर ओततात. पृष्ठभाग खरबरीत करून, खुंट्या बसवून हा थर खालच्या पट्ट्यांशी व कडेच्या तुळयांशी जोडतात. ५० मिमीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२५ किलो भरते. ते भिंती, स्तंभ व पाया यांना पेलते का हे तपासणे, तसेच छतावरील जुना चुन्याचा किंवा मातीचा थर काढून भार जुळविणे आवश्यक असते. वजन वाढविणे शक्य नसल्यास पट्ट्यांच्या खालून पोलादी चौकट व तिरके बंध बसवितात.

आडवी ताकद वाढविणे

सांगाडा कमकुवत असल्यास काँक्रीटच्या नव्या कातरभिंती किंवा पोलादी तिरके बंध घालतात. ते नकाशात शक्य तितके सममित ठेवतात, अन्यथा इमारत पिळवटते. स्तंभांचे काँक्रीट, पोलाद किंवा तंतुयुक्त पॉलिमरने जॅकेटिंग करतात. पॉलिमरचे वेष्टण हलके व जलद असते, परंतु आगीपासून त्याचे संरक्षण करावे लागते. नव्या भिंतीखाली पुरेसा पाया नसल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो.

बाह्य पॅनेले व इतर घटक

पॅनेलांना मागून पोलादी बांध घालताना सांगाड्याच्या हालचालीस वाव ठेवतात. जिन्याच्या एका टोकाला सरकण्यास पुरेशी लांबी देतात. पाण्याच्या टाक्या, मांडण्या व कठडे बांधून घेतात.

पाया विलगक व ऊर्जाशोषक ही साधने रुग्णालयांसारख्या महत्त्वाच्या इमारतींत वापरली जातात. लहान इमारतींसाठी ती सहसा खर्चिक ठरतात.

अंमलबजावणी व मर्यादा

कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी पाणीगळती व गंज थांबवून दुरुस्ती, मग सांधे, त्यानंतर छत आणि शेवटी भिंती व स्तंभ असा क्रम बहुधा पाळला जातो. काम चालू असताना तुळयांना तात्पुरते टेके द्यावे लागतात. शाळांची कामे उन्हाळी सुट्टीत करणे सोयीचे ठरते, कारण पावसाळ्यात ओल्या पृष्ठभागावर इपॉक्सी व वेल्डिंगची कामे बिघडतात.

मजबुतीकरणाने इमारत भूकंपात अजिबात तडकणार नाही, अशी हमी मिळत नाही. इमारत कोसळू नये आणि आतील माणसांना बाहेर पडता यावे, हा त्याचा किमान उद्देश असतो. काँक्रीटची स्थिती फारच खालावलेली असल्यास किंवा जागाच धोकादायक असल्यास इमारत पाडून नवी बांधणे अधिक योग्य ठरते. बांधलेले सांधे पुढेही तपासत राहावे लागतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे. शाळा व सार्वजनिक इमारतींसाठीही हा कालावधी मार्गदर्शक म्हणून वापरता येतो.

हे सुद्धा पहा

* कोयना भूकंप
* किल्लारी भूकंप
* २००१ चा गुजरात भूकंप
* माळीण दुर्घटना
* भारतातील भूकंप क्षेत्रे
* जुन्नर तालुका
* आंबेगाव तालुका